हॉटेलसारखे टॉर्टिला चिप्स दुकानातल्या पाकिटातून कसे मिळवायचे, सोलापुरात राहून

सोलापुरात आता कॅफेंना काही तोटा नाही, सात रस्ता घ्या, होटगी रोड घ्या, जुळे सोलापूर घ्या, कुठंही बसलं की मेन्यूत नाचोज असतातच आणि घरातल्या पोरांना एकदा ते गरम, पातळ, खुसखुशीत त्रिकोण खायची सवय लागली की दुकानातलं पाकीट फोडल्यावर तोंड वाकडं होतंच. ओळखीतले बरेच जण विचारतात, कुठला ब्रँड घेऊ सांग. माझं म्हणणं असं आहे की ही चव कुठल्या एका ब्रँडमध्ये नसते. ती येते चार गोष्टींतून. मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला पाहिजे, चिप पातळ पाहिजे, वर मसाला नको फक्त मीठ पाहिजे, आणि खाताना ती गरम पाहिजे. पहिल्या तीन गोष्टी पाकीट निवडताना बघायच्या, चौथी घरी करायची. ही चौथीच सगळे सोडून देतात, आणि मग पाकिटाला नावं ठेवतात.

आधी ठरवा, कुठल्या हॉटेलची चव पाहिजे

हे आधी ठरवून घ्या कारण "हॉटेलसारखे" म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी चव असते. थिएटरमध्ये मिळतात ते जाडसर, गोल किंवा त्रिकोणी, पिवळेधमक चिप्स आणि सोबत पातळ चीज सॉस, ती एक चव. कॅफेतल्या प्लेटमध्ये चिप्सवर चीज, टोमॅटो, कांदा, राजमा असा ढीग असतो, ती दुसरी. आणि पुण्या-मुंबईतल्या चांगल्या मेक्सिकन हॉटेलात किंवा अमेरिकेत टेबलावर बसल्या बसल्या टोपलीतून कोमट चिप्स आणि वाटीत साल्सा, म्हणजे टोमॅटोची मेक्सिकन चटणी, आणून ठेवतात, ती तिसरी. अमेरिकेतून आलेले आपले नातेवाईक ज्याची आठवण काढतात ते हे तिसरे.

थिएटरवाली चव पाहिजे असेल तर फार डोकं लावायची गरज नाही, तिथं मोठ्या पॅकमधलेच चिप्स असतात आणि सगळं काम चीज सॉस करतो. कॅफेतही बऱ्याच ठिकाणी मोठं पाकीट फोडून वरची सजावट तेवढी किचनमध्ये होते, वाईट असं काही नाही त्यात. वेटरला सरळ विचारा, चिप्स इथंच तळता का, बहुतेक जण खरं सांगतात, आणि कुठल्या कंपनीचे वापरतात तेही कधी कधी कळतं. अवघड आहे ती तिसरी चव, आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडे दुकानदार प्रत्येक त्रिकोणी चिपला नाचोज म्हणतो. मुळात नाचोज हा पदार्थ आहे, १९४० च्या दशकात मेक्सिकोत, अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ आनाया यांनी तळलेल्या टॉर्टिलाच्या, म्हणजे मक्याच्या पातळ मेक्सिकन पोळीच्या, तुकड्यांवर चीज आणि हालापेन्यो मिरची घालून तो केला. खालची नुसती चिप म्हणजे टॉर्टिला चिप. दुकानात मात्र नाचोज म्हणूनच मागा, नाहीतर समोरचा गोंधळतो.

चुन्याचं काम समजून घ्या, मग पाकीट ओळखता येतं

मेक्सिकोत हजारो वर्षं मका असाच दळत नाहीत. सुका मका खायच्या चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून चोळून साल काढतात, धुतात आणि ओलाच वाटतात. हा चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ एकमेकाला धरून राहतं, मक्यातलं नायसिन नावाचं व्हिटॅमिन शरीराला मिळण्याजोगं होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक खास वास येतो. मेक्सिकन हॉटेलात शिरल्यावर जो भाजक्या मक्याचा, थोडा मातकट, थोडा गोडसर वास येतो ना, तो हा वास. हा वास चिपमध्ये नसेल तर वर काहीही टाका, ती चव येणार नाही.

ज्यांनी घरी मक्याची भाकरी केली आहे त्यांना हे लगेच पटेल. मक्याचं साधं पीठ थंड पाण्यात मळलं की भाकरीला भेगा पडतात, गरम पाणी घालून मळलं तरच ती कशीबशी थापता येते. चुन्यातल्या मक्याचं पीठ मात्र कागदासारखं पातळ दाबता येतं आणि फाटत नाही. म्हणून तर टॉर्टिला होतो.

आता कारखान्यात काय करतात, तर हे पीठ मोठ्या रोलरमधून लाटून त्रिकोण पाडतात, आधी खूप गरम भट्टीतून काढतात आणि मग तळतात. भट्टीत पाणी कमी झालेलं असतं म्हणून तेल कमी शोषलं जातं आणि चिप सगळीकडून सारखी, सपाट निघते. हॉटेलात तयार टॉर्टिला, बऱ्याचदा आदल्या दिवशीचा, थोडा सुकलेला, त्याचे चार किंवा सहा तुकडे करून थेट तेलात सोडतात. म्हणून त्या चिप्सवर फोड येतात, कडा वाकड्या होतात, एक चिप दुसरीसारखी नसते. दुकानात उभं राहून आपल्याला हेच शोधायचंय.

दुकान कुठलं

सोलापुरात मोठ्या सुपरमार्केटमध्ये दोन-तीन ब्रँड सहज मिळतात. कॉर्निटोज आणि डोरिटोज तर आता कुठंही दिसतात. पण नुसते मीठवाले साधे चिप्स बऱ्याचदा रॅकच्या खालच्या कप्प्यात किंवा पार मागं असतात कारण खप मसालेवाल्यांचा जास्त, तेव्हा जरा वाकून बघा, नसतील तर मॅनेजरला सांगा, दोन-चार गिऱ्हाईकांनी मागितलं की आणतात. दुसरी जागा म्हणजे केक-बेकरीचं सामान विकणारी दुकानं. कॅफेवाले चीज सॉस, मेयोनीज, पिझ्झा सॉस अशाच दुकानांतून उचलतात आणि तिथं मोठ्या पॅकमधले साधे नाचोज मिळू शकतात. मोठं पाकीट असल्याने दोन-तीन घरांनी मिळून घेतलेलं बरं.

ऑनलाइन घेताना चिप्स फुटून येतात ही नेहमीची तक्रार, त्यामुळे ऑनलाइन घ्यायचेच असतील तर खोक्यात पॅक करून पाठवणारा विक्रेता बघा आणि एकदम सहा पाकिटं मागवू नका, आधी एक मागवा.

उन्हाचं तर लक्षात ठेवाच. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि टपरीवर, दुकानाच्या दारात माळेला लटकवलेली पाकिटं दिवसभर ऊन खातात. तेल उन्हाने आणि उष्णतेने लवकर खवट होतं. तारीख बाकी असली तरी असं पाकीट घेऊ नका. आतल्या सावलीतल्या रॅकवरचंच मागा, आणि त्यातही पॅकिंगची तारीख बघून सगळ्यात ताजं. दुकानदार जुनं पाकीट पुढं ठेवतो, ताजं मागं असतं, हात घालून मागचं काढायला लाजू नका.

पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला जे काही छापलंय ते सगळं सोडून द्या, "ऑथेंटिक", "रेस्टॉरंट स्टाइल", डोंगर, टोपीवाला माणूस, सगळं. पाकीट उलटं करा. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं.

पहिलं नाव मका पाहिजे. कॉर्न किंवा मेझ असं लिहिलेलं असेल. त्यानंतर तेल, मग मीठ, आणि खरं तर इथंच यादी संपली पाहिजे. मका, तेल, मीठ आणि चुना, बस. मैदा, तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, हरभऱ्याचं पीठ असं काही यादीत वर दिसलं की ते चिप्स त्रिकोणी असले तरी टॉर्टिला चिप्स नाहीत. चवीला ते छान असतील, पोरांना आवडतील, पण आपण जे शोधतोय ते नाही.

चुना शोधायची युक्ती अशी. घटकांत "लाइम" किंवा "कॅल्शियम हायड्रॉक्साइड" किंवा आयएनएस ५२६ (पाकिटावर घटकांना दिलेला क्रमांक) असं काही दिसतंय का बघा. दिसलं तर मका चुन्यातून काढलेला आहे. पण घाई करू नका, इंग्रजीत लिंबालाही लाइमच म्हणतात, त्यामुळे "चिली लाइम" असं फ्लेवरचं नाव असेल तर तो लिंबू आहे, चुना नव्हे. तो शब्द मक्याच्या जवळ आहे की मसाल्याच्या यादीत आहे ते बघा. काही कंपन्या ही गोष्ट पाकिटावर किंवा वेबसाइटवर वेगळी लिहितात, कॉर्निटोजवाले आपला मका चुन्याच्या प्रक्रियेतून काढतो असं सांगतात. कुठंच उल्लेख नसेल तर पाकीट बाद करू नका, एक छोटं पाकीट घ्या आणि वासावरून ठरवा, पुढं सांगतो कसं.

तेलाचं बघा. पामोलिन स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच असतं, पण थंड झाल्यावर त्याचा जिभेला, टाळूला एक मेणचट थर लागतो, विशेषतः हिवाळ्यात. मक्याचं तेल, सूर्यफूल, राइस ब्रान असेल तर चिप तोंडात मोकळी वाटते. दोन पाकिटांत बाकी सगळं सारखं असेल तर या एका गोष्टीवर निर्णय घ्या.

मग आकड्यांच्या तक्त्यात सोडियम बघा. साध्या मीठवाल्या चांगल्या चिप्समध्ये १०० ग्रॅमला साधारण ३०० ते ५०० मिलिग्रॅम सोडियम असतं, मसालेवाल्यांत ते ७०० किंवा त्याच्याही वर जातं. फॅट २२ ते २६ ग्रॅमच्या आसपास असेल तर ते नेहमीचे तळलेले चिप्स. त्याच्यापेक्षा फारच कमी असेल तर बहुतेक ते बेक केलेले आहेत, तब्येतीला बरे असतील, पण हॉटेलच्या चवीच्या जवळ जात नाहीत हे स्पष्ट सांगतो. ६२१, ६२७, ६३१ हे आकडे दिसले की ते चव वाढवणारे घटक, मसालेवाल्या पाकिटांत बऱ्याचदा असतात. साध्या चिप्समध्ये त्यांचं काही काम नाही.

मसालेवाले घेऊ नका असं मी का म्हणतोय, तर साल्साबरोबर, चीजबरोबर खायचं असेल तेव्हा वरचा चीज पावडरचा, पेरीपेरीचा मसाला सगळी चव खाऊन टाकतो. हॉटेलात चिपवर फक्त मीठ असतं. साधे मिळालेच नाहीत तर सगळ्यात सौम्य फ्लेवरचे घ्या.

भाव बघताना पाकिटावरचा आकडा नाही, १०० ग्रॅमला किती पडतात ते काढा. छोटी पाकिटं बऱ्याचदा महाग पडतात. पण पहिल्यांदा घेताना छोटंच घ्या.

हातात घेऊन बघा

पाकीट दाबायचं नाही, नुसतं हलवायचं. मोठे तुकडे एकमेकांवर आपटल्याचा खडखड आवाज आला तर आत चिप्स अख्खे आहेत, वाळूसारखा सरसर आवाज आला तर तळाशी चुरा झालाय. पाकीट टम्म फुगलेलं पाहिजे, आत नायट्रोजन भरलेला असतो, तो चिप्स फुटू नयेत आणि तेल खराब होऊ नये म्हणूनच. ढिलं पडलेलं पाकीट म्हणजे कुठंतरी बारीक भोक आहे, परत ठेवा.

आणि कच्चे, तळून घ्यायचे त्रिकोणी "नाचोज" सुट्टे किंवा किलोवर मिळतात, पारदर्शक, कडक, तेलात टाकले की फुलतात, त्यांच्या नादी लागू नका. ते पिठाचे आणि स्टार्चचे फ्रायम्स आहेत. चहाबरोबर खायला मजा येते, विषय वेगळा.

घरी आणल्यावर चाचणी

एकदम दोन-तीन कंपन्यांचे साधे चिप्स आणा आणि एकाच दिवशी खाऊन बघा, वेगवेगळ्या दिवशी खाल्ले तर तुलना होत नाही. पाकीट फोडल्या फोडल्या नाक लावा. पहिला वास भाजक्या मक्याचा आणि थोडा मातकट आला तर मका चुन्यातला आहे. नुसता तेलाचा वास आला तर चिप जेमतेम. जुन्या खोबऱ्याचा खवट वास आला तर पाकीट बदलून आणा, खाऊ नका.

मग एक चिप उजेडात धरा. खिडकीपाशी उभं राहून बघा, चांगल्या चिपमध्ये दोन-चार ठिकाणी फोड दिसतात, मसुराएवढे, वाटाण्याएवढे, तिथून उजेड आरपार येतो, आणि बारीक तपकिरी ठिपके दिसतात ते भट्टीतले डाग, कडेला रंग जरा गडद असतो. सगळीकडून एकसारखी पिवळी, गुळगुळीत, जाड चिप असेल तर ती सॉससाठी बरी, नुसती खायला नाही. आता ती मधून मोडा. पातळ चिप टचकन मोडते आणि मोडल्या जागी पापुद्रे सुटलेले दिसतात. जाड चिप मोडायला जोर लागतो आणि आत भरीव असते. मोडलेला तुकडा टिश्यू पेपरवर दोन मिनिटं दाबून ठेवा, डाग किती पसरतोय त्यावरून तेल किती आहे ते कळतं.

आपल्याला सोलापूरकरांना याबाबतीत एक फायदा आहे. मालदांडी ज्वारीच्या कडक भाकरीवर आपण वाढलोय, पातळ, कोरडी, कडकडीत भाकरी आणि शेंगा चटणी. धान्याचा कुरकुरीतपणा म्हणजे काय हे आपल्या दाताला माहिती आहे. चिप तपासताना बाजूला कडक भाकरीचा तुकडा ठेवा. भाकरी दाताखाली मोडल्यावर चघळताना धान्याची गोडी हळूहळू येते, चांगल्या टॉर्टिला चिपमध्येही तसंच मीठ आधी लागतं आणि मग मका येतो. मीठ लागलं आणि पुढं काहीच आलं नाही तर त्या पाकिटात पैसे घालू नका.

गरम करा, इथंच हॉटेल घरात येतं

हे मी सगळ्यात जास्त सांगतो आणि हेच कुणी करत नाही. थंड चिपमधलं तेल शांत बसलेलं असतं, वास बाहेर येत नाही. गरम केलं की तेल मोकळं होतं, मक्याचा वास उठतो, आणि पाकीट उघडल्यापासून शिरलेला ओलावाही जातो.

ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, असेल तर १६० डिग्रीला आधी तापवून घ्या, ट्रेमध्ये चिप्स एका थरात पसरा, एकावर एक नको, पाच-सहा मिनिटं पुरतात. शेवटच्या मिनिटाला तिथंच उभं राहा कारण टोकं पटकन करपतात आणि करपलेलं एक टोक पूर्ण चिप कडू करतं. एअर फ्रायरमध्ये १५० डिग्रीला दोन-तीन मिनिटं, आणि चिप्स हलक्या असल्याने आतल्या वाऱ्याने उडतात, वर जाळी ठेवायची सोय असेल तर ठेवा.

दोन्ही नसेल तर लोखंडी कढई. माझी आवडती पद्धत हीच. कढई मंद आचेवर नीट तापू द्या, मग मूठ-दोन मूठ चिप्स टाका आणि उलथन्याने न ढवळता कढईच धरून हलक्या हाताने हलवत राहा. पहिल्यांदा काहीच होत नाही असं वाटतं. मिनिटभराने चिप्स चमकायला लागतात, पृष्ठभागावर तेल आलेलं दिसतं, आवाज बदलतो, आधी ठोकळ्यासारखा जड आवाज येत होता तो हलका, काचेसारखा होतो, आणि मग एकदम मक्याचा वास सुटतो. वास सुटला की आणखी अर्धं मिनिट आणि गॅस बंद. झाकण अजिबात ठेवायचं नाही, वाफ धरते. काढल्यावर वाडग्यात ढीग न करता पसरट ताटलीत मिनिटभर मोकळे ठेवा.

मायक्रोवेव्हमध्ये सादळलेले चिप्स २०-३० सेकंदांत सुधारतात हे खरं, पण काही करपतात आणि काही तसेच राहतात. अगदीच घाई असेल तरच.

मिठाचंही काम याच वेळी करायचं. हॉटेलात तळून काढल्या काढल्या मीठ भुरभुरतात, गरम तेलाला ते चिकटतं. आपल्या घरातलं मीठ तसं बारीकच असतं, पण मिक्सरच्या छोट्या भांड्यात एकदा फिरवून आणखी पिठासारखं करा, नाहीतर चिपवरून घरंगळून ताटात पडतं. पाकिटातल्या चिप्सला आधीच मीठ असतं म्हणून चिमूटभरच. चिप्स फार कोरडे वाटले तर गरम करायच्या आधी तेलाचा अगदी हलका स्प्रे मारा. लिंबाचा रस चिपवर पिळू नका, लगेच मऊ पडतात. लिंबाची साल वरच्यावर किसून मिठात मिसळा, तो वास सुंदर येतो आणि चिप कोरडी राहते.

साल्सा

हॉटेलची निम्मी आठवण चिपची नसतेच, साल्साची असते. बाटलीतला गोडसर साल्सा चांगल्या चिपची वाट लावतो. गावरान टोमॅटो घ्या, आंबट असतात, तेच पाहिजेत. तीन टोमॅटो, एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, लसणाच्या दोन पाकळ्या सालीसकट, सगळं थेट आचेवर जाळीवर किंवा तव्यावर भाजा, टोमॅटोचं साल काळं पडून सुटेपर्यंत. साल काढा पण पूर्ण स्वच्छ करू नका, थोडा काळा भाग राहू द्या. मिक्सरला फक्त दोन-तीन झटके, पाणी अजिबात नाही. मग कोथिंबीर, मीठ, लिंबू. पाणी जास्त सुटलं तर चाळणीत पाच मिनिटं ठेवा, पातळ साल्साने चिप अर्ध्यातच मऊ होऊन वाटीत पडते.

गरम चिप्स आणि कोमट साल्सा एकत्र ठेवा. फ्रिजमधला गारठलेला साल्सा नको.

शेंगा चटणीचं म्हणाल तर ती अशीच कोरडी चिपवर टिकत नाही. दोन चमचे घट्ट दह्यात एक चमचा चटणी आणि थोडं तेल कालवा. हे मेक्सिकन नाही, आपलं सोलापुरी आहे, पण साध्या चिपबरोबर इतकं जमतं की आमच्याकडं पाहुणे आधी हीच वाटी संपवतात.

चीज घालून नाचोज करायचे असतील तर चिप्स आधी नुसते गरम करून घ्या, मग चीज किसून घाला आणि वितळेपर्यंतच ओव्हनमध्ये ठेवा. टोमॅटो, कांदा, दही हे सगळं बाहेर काढल्यावर. इथं पातळ चिप वजन पेलत नाही, थोडी जाड घेतलेली चालते.

एवढं करूनही समाधान नाही झालं तर

मग टॉर्टिला घेऊन घरी तळा. पण आपल्याकडं टॉर्टिला किंवा रॅप म्हणून मिळतात ते बहुतेक मैद्याचे असतात, त्याचे चिप्स शंकरपाळीच्या वाटेला जातात. कॉर्न टॉर्टिला असं लिहिलेलं असलं तरी मागं मका पहिला आहे का बघा, बऱ्याचदा मैदा पहिला निघतो. खरा मक्याचा मिळाला तर सहा तुकडे करा, ताटात पसरून दोन-तीन तास पंख्याखाली सुकू द्या, मग १७५ ते १८० डिग्री तेलात थोडे थोडे सोडा. थर्मामीटर नसेल तर एक तुकडा टाकून बघा, लगेच बुडबुडे येऊन वर आला पाहिजे. बुडबुडे मंदावले की आतलं पाणी गेलं, काढा. दीड-दोन मिनिटांचं काम आहे.

सगळंच मुळापासून करायचं असेल तर अर्धा किलो सुका मका, दोन लिटर पाणी आणि मक्याच्या वजनाच्या एक टक्का खायच्या चुन्याची कोरडी पूड, म्हणजे ५ ग्रॅम. पानाचा ओला चुना वापरणार असाल तर त्यात पाणी असतं, साधारण दुप्पट घ्या, आणि साधाच घ्या, सुगंधी नको. भिंतीचा चुना चुकूनही नाही. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमचं नको कारण चुना त्याला खातो. हात घालताना आणि डोळ्यांना जपा. मंद आचेवर पाऊण तास शिजवा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी तीन-चार पाण्यांत चोळून धुवा, साल निसटून जाते. ग्राइंडरमध्ये किंवा मिक्सरला थोडं थोडं, चमचाभर पाणी घालत वाटा. जाड प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये गोळी ठेवून सपाट बुडाच्या डब्याने दाबा, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा आणि पुढं वर सांगितलं तसं. स्वीट कॉर्नचे ओले दाणे यात चालत नाहीत, आणि पशुखाद्याचा मका घेऊ नका, किराण्यात खायचा म्हणून सांगून घ्या. रविवारचा उद्योग आहे हा, रोजचा नाही.

उरलेले चिप्स

पाकीट रबर लावून ठेवलं की दुसऱ्या दिवशी सादळतंच. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसपासून आणि खिडकीतल्या उन्हापासून लांब. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कुरकुरीतपणा टिकतो पण तेल लवकर बिघडतं, म्हणून फोडलेलं पाकीट आठवड्याच्या आत संपवा. पावसाळ्यात उलटं, सादळतात पण गरम केले की परत येतात.

आणि तळाशी चुरा राहतो तो टाकू नका. उरलेला साल्सा कढईत गरम करा, मोठे तुकडे त्यात मिनिटभर घोळवा, वरून दही, कांदा आणि पाहिजे तर अंड्याची भुर्जी. मेक्सिकोत नाश्त्याला असंच करतात, चिलाकिलेस म्हणतात त्याला. अगदी बारीक चुरा असेल तर कटलेटला लावायला ब्रेडक्रम्सच्या जागी वापरा, फक्त सारणात मीठ कमी घाला.